पेशी कशा चालतात, काय आत घेतात, एकमेकींशी कशा बोलतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववीची मुलं, अकरावीला जीवशास्त्र घेतलेले विद्यार्थी, त्यांना शिकवणारे शिक्षक आणि घरात कुणाला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेली माणसं यांच्याकडून गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. पुस्तकात पेशीपटलातून होणारी ने-आण एका धड्यात असते आणि संप्रेरकं, मज्जातंतू दुसऱ्याच धड्यात. माझ्या मते हा विषय अवघड वाटण्याचं हेच मोठं कारण आहे. पेशीला बाहेरून निरोप आला की त्याचा परिणाम बऱ्याचदा एवढाच असतो: पटलातला एखादा मार्ग उघडतो, बंद होतो किंवा नव्याने तिथे येऊन बसतो. हे धरून वाचलंत तर पुढची बरीच उत्तरं एकमेकांत आपोआप गुंततील. जिथे एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पेशी म्हणजे नेमकं काय? माझ्या अंगात अशा किती असतील?

स्वतःचं पटल असलेला, स्वतः ऊर्जा तयार करणारा आणि स्वतःची दुरुस्ती करू शकणारा सजीवाचा सर्वांत लहान भाग म्हणजे पेशी. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले, त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. सगळे सजीव पेशींचेच बनलेले असतात, हा सिद्धान्त श्लायडेन आणि श्वान यांनी १८३८-३९ मध्ये मांडला. नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हे रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५५ मध्ये ठासून सांगितलं.

प्रौढ माणसाच्या शरीरात अंदाजे ३० लाख कोटी पेशी असतात आणि संख्येने पाहिलं तर त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक रक्तातल्या तांबड्या पेशी असतात. आकाराची तफावतही प्रचंड आहे. तांबडी पेशी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट रुंद असते, तर कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा तंतू मीटरभर लांब असू शकतो.

२. पेशीच्या आत काय काय असतं? परीक्षेपुरतं थोडक्यात सांगा.

केंद्रकात डीएनए. रायबोसोमवर प्रथिनं बनतात. आंतर्द्रव्यजालिकेत त्यांची घडी बसते, गॉल्गी पिंडात त्यांच्यावर शेवटचे संस्कार होऊन ती योग्य जागी रवाना होतात. लयकारिका जुनं-निकामी पचवतात. तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, अन्नातल्या ऊर्जेपासून एटीपी बनवतात, म्हणजे पेशीतल्या कामांसाठी ऊर्जा पुरवणारा रेणू. दिवसभरात आपण आपल्या वजनाइतका एटीपी बनवतो आणि वापरतो. तो साठवता येत नाही, सतत बनवावाच लागतो. हा शेवटचा मुद्दा प्रश्न ६ साठी लक्षात ठेवा.

३. सगळ्या पेशींत डीएनए तोच, मग यकृताची पेशी आणि डोळ्याची पेशी इतक्या वेगळ्या कशा?

डीएनए तोच असला तरी त्यातला कुठला भाग वाचायचा, हे प्रत्येक पेशीत वेगळं ठरलेलं असतं. त्यामुळे पेशीच्या पटलावर कुठली प्रथिनं बसणार, हेही वेगळं ठरतं. कुठली पेशी कुठला निरोप ऐकू शकेल आणि काय आत घेऊ शकेल, ते या प्रथिनांवरून ठरतं (प्रश्न १० पाहा).

४. पेशीपटल इतकं पातळ असतं, तरी आतलं आत आणि बाहेरचं बाहेर कसं राहतं?

पटलाची जाडी पाच ते दहा नॅनोमीटर, म्हणजे कागदापेक्षा दहा हजार पटींनी पातळ. ते फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंच्या दोन थरांचं असतं. या रेणूचं डोकं पाण्याला आपलंसं करतं आणि शेपटी पाण्यापासून दूर पळते. त्यामुळे सगळी डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे आणि सगळ्या शेपट्या मधे, अशी मांडणी आपोआप होते. मधला हा तेलकट पट्टाच खरा अडसर आहे. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि मद्यार्क त्यातून सहज जातात. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांसारखे विद्युतभार असलेले कण मात्र जवळजवळ अजिबात जात नाहीत. ग्लुकोजही स्वतःहून जात नाही.

मग हे पदार्थ जातात कुठून? पटलात प्रथिनं रोवलेली असतात. त्यांतल्या काहींतून आरपार वाट असते, त्यांना चॅनेल म्हणतात. पटल पातळ द्रवासारखं हलतं आणि त्यात ही प्रथिनं तरंगत असतात, हे चित्र सिंगर आणि निकोलसन यांनी १९७२ मध्ये मांडलं.

आपल्या खाजन शेतीतली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीतली, मानस (भरती-ओहोटीच्या पाण्याचा दरवाजा) ज्यांनी पाहिली आहे त्यांना चॅनेल-प्रथिनाचं काम पटकन कळेल. भरतीला मानशीची दारं पाण्याच्या दाबानेच मिटतात, ओहोटीला दाबानेच उघडतात. तिथे कुणी जोर लावत नाही, पाणी आपल्या उताराने वाहतं. चॅनेलमधूनही कण असेच, जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे, स्वतःच्या उताराने जातात. पेशी फक्त दार उघडायचं की नाही ते ठरवते. उताराच्या उलट दिशेने न्यायचं असेल तर मात्र पंप लागतो आणि पंपाला एटीपी लागतो. मानस आणि चॅनेल यांत एक फरक आहे. मानस पाण्याबरोबर येणारं सगळंच सोडते, चॅनेल निवड करतं. पोटॅशियमच्या चॅनेलमधून पोटॅशियम सरसर जातो, पण त्याच्यापेक्षा लहान असलेला सोडियम दहा हजारांत एखादाच निसटतो. लहान कण अडतो आणि मोठा जातो, हे कसं? चॅनेलच्या अरुंद भागातले ऑक्सिजन अणू पोटॅशियमच्या मापाने बसवलेले असतात. पाण्याचे रेणू सोडून आलेल्या पोटॅशियमला ते पाण्याइतकाच आधार देतात, सोडियमला ते माप बसत नाही. ही रचना रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये दाखवली.

५. विसरण आणि परासरण यांत गोंधळ होतो. गोव्यातल्या घरात दिसेल असं उदाहरण द्या.

विसरणात विरघळलेला पदार्थ पसरतो. परासरणात पाणी सरकतं, ते अशा पटलातून जे पाण्याला जाऊ देतं पण विरघळलेल्या पदार्थाला अडवतं. पाणी नेहमी जास्त विरघळलेलं असलेल्या बाजूला जातं.

चेपणीची तोरं, म्हणजे मिठात मुरवलेल्या छोट्या कैऱ्या, घ्या. कोवळी तोरं मिठात घालून वर वजन ठेवलं की काही दिवसांत ती सुरकुततात आणि भांड्यात खारं पाणी वाढतं. ते पाणी कैरीच्या पेशींतून बाहेर आलेलं असतं. मिठाने जंतूंनाही हेच भोगावं लागतं. त्यांच्यातलंही पाणी निघून जातं आणि म्हणून तोरं टिकतात. खारवलेल्या बांगड्याचंही कारण तेच.

अकरावीच्या प्रात्यक्षिकात ऱ्हिओच्या पानाची जांभळी साल मिठाच्या पाण्यात ठेवतात. तिथे पेशीभिंत जागेवर राहते आणि आतलं पटल आक्रसून भिंतीपासून सुटतं. साध्या पाण्यात परत ठेवल्यावर जिवंत पेशी पुन्हा फुगते. शिक्षकांना एक विनंती आहे: हा दुसरा भाग गाळू नका. पटल जिवंत आहे, शाबूत आहे, हे त्यातूनच कळतं.

पाणी पटलातून थोडंफार झिरपतं, पण जिथे भराभर जायला हवं तिथे त्याच्यासाठी स्वतंत्र चॅनेल असतात, त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. एका ॲक्वापोरिनमधून सेकंदाला सुमारे ३०० कोटी पाण्याचे रेणू जातात. पीटर ॲग्री यांना ते तांबड्या पेशींच्या पटलात सापडलं. त्यांना आणि मॅकिनन यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकत्र मिळालं.

६. सोडियम-पोटॅशियम पंपाला सगळे एवढं महत्त्व का देतात?

कारण पुढच्या बहुतेक गोष्टी त्याच्यावर उभ्या आहेत. रक्तात सोडियम दर लिटरला सुमारे १४० मिलिमोल (मिलिमोल हे कणांची संख्या मोजण्याचं एकक), पेशीत जेमतेम १० ते १५. पोटॅशियमचं बरोबर उलटं: पेशीत सुमारे १४०, रक्तात ३.५ ते ५. ही तफावत टिकवण्यासाठी पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि एक एटीपी खर्च करतो. आपण स्वस्थ पडलेलो असतानाही शरीराच्या ऊर्जेचा पाचवा ते चौथा हिस्सा यातच जातो. मेंदूत हा वाटा आणखी मोठा असतो.

एवढा खर्च कशासाठी? सोडियम बाहेर साचवला की तो आत यायला सतत टपलेला असतो. त्याला आत येऊ देताना पेशी त्याच्याबरोबर दुसरं काही ओढून घेऊ शकते (प्रश्न ८), एका क्षणात विजेचा संदेश पाठवू शकते (प्रश्न १२) आणि स्वतः फुगून फुटण्यापासूनही वाचते. हा पंप डेन्मार्कच्या जेन्स स्काऊ यांनी १९५७ साली शोधला, तोही कुर्लीच्या (खेकड्याच्या) पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना. त्यासाठी नोबेल मिळायला १९९७ साल उजाडलं.

७. प्रथिनासारखे मोठे रेणू चॅनेलमधून जाणार नाहीत. ते कसे जातात?

पटलाच्या छोट्या पिशव्यांतून. बाहेरचं आत घ्यायचं असेल तर पटल आत खचतं आणि त्याची पिशवी होऊन सुटते. बाहेर टाकायचं असेल तर आतली पिशवी पटलाला येऊन मिळते आणि उघडते. कुठली पिशवी कुठे जाऊन मिळणार, हे तिच्यावरच्या आणि मुक्कामावरच्या जुळणाऱ्या प्रथिनांवरून ठरतं. रॉथमन, शेकमन आणि झ्यूडहोफ यांना २०१३ चं नोबेल याच कामासाठी मिळालं. स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर पडतं ते असंच, आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल पेशीत जातं तेही असंच.

८. जुलाब झाले की मीठ आणि साखर दोन्ही का? नुसतं पाणी, आडसराचं (शहाळ्याचं) पाणी किंवा पेज दिली तर चालत नाही का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. उत्तर सविस्तर देतो, कारण पेशीचं ज्ञान घरात थेट जीव वाचवतं अशा मोजक्या जागांपैकी ही एक आहे.

आतड्याच्या पेशींच्या आतड्याकडच्या बाजूला एक वाहक-प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन कण एकत्रच उचलतं. दोघांपैकी एक नसेल तर दुसराही जात नाही. सोडियम आत येतो कारण पेशीच्या दुसऱ्या, रक्ताकडच्या बाजूचा पंप (प्रश्न ६) त्याला सतत उपसत असतो. सोडियम आणि ग्लुकोज गेले की परासरणाने पाणी त्यांच्यामागे जातं. नुसतं पाणी दिलं तर त्याला ओढून नेणारं कुणी नसतं. नुसतं मीठ दिलं तर ते या वाटेने आत जात नाही. हे जोडीने होणारं शोषण रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलं.

कॉलऱ्यात हे आणखी स्पष्ट दिसतं. कॉलऱ्याचे जंतू आतड्याच्या पेशी फोडत नाहीत, ते एक विष सोडतात. हे विष शंभूनाथ डे यांनी १९५९ साली कोलकात्यात दाखवून दिलं. त्याच्यामुळे पेशीच्या आतला एक संदेश ‘चालू’ अवस्थेत अडकून राहतो, क्लोराइडचं चॅनेल उघडंच राहतं आणि क्लोराइडमागे सोडियम आणि पाणी लोटतं. म्हणजे बिघडलेला असतो तो पेशीतला निरोप. ग्लुकोज-सोडियमचा वाहक या गोंधळात शाबूत राहतो, आणि उपचार त्याच वाटेने जातो. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजायला सुरुवात केली आणि छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाला.

आता प्रमाण. आजच्या ओआरएसच्या एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलिमोल, म्हणजे समसमान. पुडी मिळालीच नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा. ‘मुलाला आवडेल’ म्हणून साखर वाढवू नका. न शोषलेली साखर आतड्यात उलट पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. गोड शीतपेयं आणि खोक्यातले रस यासाठीच चालत नाहीत.

मीठ घातलेली पातळ पेज उपयोगी आहे. तांदळातलं पिष्ट हळूहळू ग्लुकोज होतं आणि त्याच वाहकाला मिळतं. आडसराच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम फार कमी, म्हणून ते ओआरएसच्या जागी नको. मूत्रपिंड नीट काम करत नसलेल्या माणसाला तर ते विचारल्याशिवाय देऊच नका (प्रश्न १३). मूल सुस्त झालं, लघवी बंद झाली, शौचात रक्त दिसलं किंवा पोटात काहीच टिकेना, तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

९. पेशी एकमेकींशी ‘बोलतात’ म्हणजे नेमकं काय करतात?

एक पेशी रेणू सोडते, दुसरीवर त्या रेणूला बसेल असं ग्राही-प्रथिन असतं, रेणू बसला की ग्राहीचा आकार बदलतो आणि आत घटनांची साखळी सुरू होते. फरक पडतो तो अंतराचा. संप्रेरक रक्तातून सगळीकडे जातं. काही रेणू शेजारच्या पेशींपुरतेच असतात. रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतं, तो शेजारच्या स्नायुपेशीत शिरतो, वाहिनी सैलावते आणि काही सेकंदांत तो वायू नाहीसाही होतो. चेतापेशी अगदी जवळ, सुमारे २० नॅनोमीटरच्या फटीत, रसायन सोडते. हृदयाच्या पेशींमध्ये तर थेट जोडमार्ग असतात. एकीतला विद्युत बदल दुसरीत वाहत जातो आणि म्हणूनच सगळं हृदय एका लयीत आकुंचन पावतं.

निरोप संपवण्यालाही तेवढंच महत्त्व आहे. कीटकनाशकाची विषबाधा झालेल्या शेतकऱ्याच्या तोंडाला फेस येतो, बाहुल्या आकुंचतात आणि श्वास अडतो, कारण ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं ॲसिटिलकोलीन (चेतापेशी निरोपासाठी सोडतात ते एक रसायन) संपवणारं विकरच निकामी करतात आणि निरोप थांबतच नाही.

१०. ॲड्रेनलिन एकच, मग त्याने हृदय जोरात धडधडतं पण श्वासनलिका सैल का होते?

ग्राही वेगळे असतात म्हणून. हृदयावर बीटा-१ प्रकारचे ग्राही जास्त, श्वासनलिकेच्या स्नायूंवर बीटा-२, त्वचेतल्या रक्तवाहिन्यांवर अल्फा-१. रेणू तोच, पण ग्राही आणि त्याच्यामागची आतली साखळी वेगळी, म्हणून परिणामही वेगळा. दम्याचं साल्बुटामोल बीटा-२ वर बेतलेलं आहे. तरी ते थोडं इतरत्रही बसतं, म्हणून इनहेलर ओढल्यावर काहींचे हात थरथरतात आणि छाती धडधडते. या कुटुंबातल्या ग्राहींवरच्या कामासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ चं नोबेल मिळालं.

११. इन्सुलिन साखरेला हाताला धरून पेशीत नेतं का?

नाही. इन्सुलिन बाहेरच थांबतं. ते स्नायू आणि चरबीच्या पेशींवरच्या ग्राहीवर बसतं. आत निरोप जातो आणि पेशीच्या आत पिशव्यांत (प्रश्न ७) ठेवलेले ग्लुट-४ नावाचे ग्लुकोजवाहक पटलावर येऊन बसतात. ग्लुकोज मग त्यांच्यातून स्वतःच्या उताराने आत जातं. इन्सुलिन ओसरलं की वाहक पुन्हा आत घेतले जातात.

टाइप १ मधुमेहात निरोप देणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. टाइप २ मध्ये आधी निरोप असूनही तो नीट ऐकला जात नाही, आणि पुढे तो देणाऱ्या पेशीही थकतात. मेंदूचे वाहक वेगळे आहेत, त्यांना इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. स्नायू काम करू लागला की ग्लुट-४ इन्सुलिनशिवायही पटलावर येतं. चालण्याने साखर उतरते ती यामुळे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के आढळलं. राज्यांमध्ये ते सर्वांत जास्त होतं. म्हणून संध्याकाळच्या चालण्यावरचं हे वाक्य गोव्याच्या वाचकांनी सहज वाचून पुढे जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

१२. केंड मासा खाल्ल्याने माणूस मरतो असं मच्छीमार सांगतात. त्याचा पेशीशी काय संबंध?

अगदी थेट संबंध आहे. मज्जातंतूतला संदेश म्हणजे सोडियमची चॅनेल एकामागून एक उघडत जाणं. आतला विद्युतदाब स्वस्थ असताना उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. चॅनेल उघडली की सोडियम आत घुसतो आणि हा दाब क्षणभर उलटतो. वेगवान तंतूंत ही लाट सेकंदाला १०० मीटरहून जास्त धावते, मंद वेदना नेणाऱ्या तंतूंत जेमतेम मीटरभर. केंडाच्या यकृतात आणि गाबोळीत टेट्रोडोटॉक्सिन असतं. ते नेमकं सोडियमच्या चॅनेलच्या तोंडात बसतं आणि ते बुजवतं. आधी ओठ आणि जीभ बधिर होतात, मग हातपाय, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. शुद्ध मात्र बराच वेळ शाबूत राहू शकते. विष शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. श्वास यंत्रावर टिकवला तर ते शरीरातून उतरेपर्यंत माणूस वाचू शकतो. जाळ्यातला केंड फेकून देणाऱ्या आपल्या मच्छीमारांचं ज्ञान पक्कं आहे.

१३. पोटॅशियम फळांत असतं, चांगलं असतं. मग डायलिसिसच्या रुग्णाला त्याची भीती का घालतात?

प्रश्न ६ मधली तफावत आठवा. हृदयपेशीतला विद्युतदाब मुख्यतः आतल्या आणि बाहेरच्या पोटॅशियमच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. बाहेर मुळात ४ असतं, ते ७ झालं तर गुणोत्तर खूप बदलतं आणि लय बिघडते. निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम टाकून देतं, आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही. आडसर, केळी, सुकामेवा किती घ्यायचा, हे अशा रुग्णाने डॉक्टरांनाच विचारावं.

१४. हुर्राक किंवा फेणी (काजूची दारू) घेतल्यावर वारंवार लघवीला का होते? तेवढं पाणी तर प्यायलेलंच नसतं.

मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत घेतात. शेवटच्या टप्प्यावर किती पाणी परत घ्यायचं, हे मेंदूकडून येणारं व्हॅसोप्रेसिन ठरवतं. ते आलं की मूत्रपिंडाच्या पेशींत ठेवलेल्या ॲक्वापोरिनच्या पिशव्या पटलावर येतात आणि पाणी परत शोषलं जातं. प्रश्न ११ मधल्या ग्लुट-४ सारखीच ही तऱ्हा आहे. मद्यार्क व्हॅसोप्रेसिन कमी करतो, ॲक्वापोरिन आतच राहतात आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. हुर्राकाचा हंगाम नेमका मार्च ते मे, अंगातून घामाच्या धारा लागण्याचा. उन्हात काम करून ‘थंड’ म्हणून हुर्राक घेणाऱ्याचं शरीर उलट जास्त सुकतं.

१५. तांबड्या पेशीला केंद्रक नाही, मायटोकाँड्रियाही नाहीत. तिला जिवंत म्हणायचं का?

म्हणायचं. ती ग्लुकोजपासून ऑक्सिजनशिवाय एटीपी बनवते, पंप चालवते, आकार राखते. केंद्रक नसल्याने नवी प्रथिनं मात्र बनवू शकत नाही, म्हणून सुमारे १२० दिवसांत जीर्ण होते. शरीर दर सेकंदाला साधारण वीस लाख नव्या तयार करत असतं.

या १२० दिवसांचा उपयोग एचबीए१सी चाचणीत होतो. ग्लुकोज हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटतं, म्हणून दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. तांबड्या पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल, तर ही चाचणी चुकीचा आकडा दाखवू शकते. अहवाल घेताना डॉक्टरांना तसं जरूर सांगा.

१६. सलाईन ०.९ टक्केच का? शिरेत साधं निर्जंतुक पाणी दिलं तर?

तांबड्या पेशी फुगून फुटतील. ०.९ टक्के मिठाचं पाणी रक्ताइतकंच ‘जड’ असतं, त्यामुळे पेशींतून पाणी आतबाहेर होत नाही.

इथे नर्सिंगचे विद्यार्थी नेहमी पुढचा प्रश्न विचारतात: पाच टक्के ग्लुकोजही रक्ताशी समान असतं ना? बाटलीत हो. शिरेत गेल्यावर पेशी ग्लुकोज आत घेतात आणि मागे उरतं ते पाणी. म्हणजे पेशी फोडण्याचा धोका टाळून साधं पाणी दिल्यासारखंच झालं. द्रावणात किती कण आहेत एवढं पाहून भागत नाही, त्यातले कण पटलातून जाऊ शकतात का, तेही पाहावं लागतं. म्हणूनच रक्ताइतक्याच तीव्रतेच्या युरियाच्या द्रावणात ठेवलेली तांबडी पेशी फुटते. युरिया आत जातो आणि पाणी त्याच्यामागे जातं.

१७. समुद्राचं पाणी आपल्याला चालत नाही, मग माशांना आणि तिवरांना कसं चालतं?

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते बाहेर टाकायला आपल्या मूत्रपिंडाला प्यायलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी खर्चावं लागतं. बांगडा आणि तारली समुद्राचंच पाणी पितात, पण त्यांच्या कल्ल्यांत मीठ बाहेर उपसणाऱ्या खास पेशी असतात, आणि त्या पेशींच्या मुळाशी आपला ओळखीचा सोडियम-पोटॅशियम पंपच असतो. चोडणच्या कांदळवनातले तिवर मुळांशी बरंचसं मीठ अडवतात आणि उरलेलं पानांवरच्या ग्रंथींतून टाकतात. कोरड्या दिवसांत पान चाटून पाहा, खारट लागतं. खाजनातला कोरगुट भातही खाऱ्या मातीत तग धरतो. मीठ सोसणाऱ्या वनस्पती साधारणपणे पेशीत शिरलेला सोडियम रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या द्रवाने भरलेल्या पिशवीत, कोंडून ठेवतात, म्हणजे पेशीद्रवातली विकरं सुरक्षित राहतात.

१८. मोरी जरा शिळी झाली की अमोनियाचा वास येतो, तसा बांगड्याला येत नाही. असं का?

मोरी, म्हणजे लहान शार्क, वेगळी युक्ती वापरते. ती रक्तात आणि पेशींत युरिया साठवून आतली तीव्रता समुद्राइतकी ठेवते, त्यामुळे तिच्यातलं पाणी बाहेर ओढलं जात नाही. हा युरिया माणसाच्या रक्तातल्या युरियाच्या सुमारे पन्नास पट असतो. एवढ्या युरियात प्रथिनांची घडी मोडायला हवी. ती मोडू नये म्हणून मोरी ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचं दुसरं द्रव्यही बाळगते, साधारण दोन भाग युरियाला एक भाग या प्रमाणात. मासा मेल्यावर जंतू युरियाचा अमोनिया करतात आणि वास सुटतो. बाजारातून मोरी आणली की लगेच साफ करून धुवायची, बर्फात ठेवायची आणि त्याच दिवशी आंबट-तीख करायचं. चिंच किंवा व्हिनेगरमधलं आम्ल अमोनियाला बांधून ठेवतं, त्यामुळे थोडासा वास तेवढ्याने जातो. धुतल्यावरही डोळ्यांना झोंबेल इतका वास येत असेल तर ती मोरी खाऊ नका.